माजाची संप्रेरके दिलेल्या शेळीच्या श्वेतपेशी कशा तपासाव्यात

उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळ्यांचा कळप एकाच वेळी माजावर आणण्यासाठी प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषधाचा स्पंज योनिमार्गात सुमारे 11 दिवस ठेवतात, तो काढण्याच्या 48 तास आधी क्लोप्रोस्टेनॉल (प्रोस्टाग्लँडिनसारखे कृत्रिम औषध) आणि ईसीजी (गाभण घोडीच्या रक्तातून मिळणारे संप्रेरक) यांची इंजेक्शने देतात. या उपचारांचा श्वेतपेशींवर काय परिणाम होतो हे पाहायचे असेल, तर पहिला नमुना स्पंज बसवण्यापूर्वीच घ्यावा, कारण तुलनेसाठी शेळीची स्वतःची मूळ संख्या हाच खरा आधार असतो. त्यानंतर स्पंज काढण्याच्या वेळी, प्रत्यक्ष माजात आणि माजानंतर आठ-दहा दिवसांनी, दर वेळी दिवसाच्या त्याच सुमारास नमुने घ्यावेत. काही शेळ्या संप्रेरकांविना ठेवून त्यांचीही तशीच हाताळणी करावी.

अशा संप्रेरकांविना शेळ्या ठेवण्याचे कारण महत्त्वाचे आहे. शेळीला पळवून धरले, की अ‍ॅड्रेनॅलिनमुळे काही मिनिटांतच श्वेतपेशी वाढतात. भीती लांबली, की कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकामुळे श्वेतपेशींच्या प्रकारांपैकी न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट व इओसिनोफिल घटतात. हा ताणाचा परिणाम माजाच्या औषधांच्या माथी मारला जातो, म्हणून शेळीला शांतपणे धरणे हा माझ्या मते तपासणीचाच भाग आहे. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखे औषध दिले असल्यास त्याचीही नोंद हवी, कारण त्याचा परिणाम असाच दिसतो.

मानेच्या शिरेतून 2 ते 3 मिलिलिटर रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) नळीत घेऊन नळी हलकेच उलटसुलट करावी आणि काचपट्टीवरील लेप लगेच तयार करावा. शेळीच्या तांबड्या पेशी फारच लहान असल्याने माणसांच्या रक्तासाठी जुळवलेल्या यंत्रावर विसंबू नये. पशुवैद्यकीय यंत्र नसेल, तर न्यूबॉवर कक्षात (पेशी मोजण्यासाठी चौकोन आखलेली काचपट्टी) सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी करावी. रक्त 1:20 प्रमाणात पातळ केले असल्यास चार कोपऱ्यांतील मोठ्या चौकोनांतील पेशींच्या बेरजेला 50 ने गुणल्यावर दर मायक्रोलिटरमधील संख्या मिळते.

निरोगी शेळीत ही संख्या साधारण 4,000 ते 13,000 असते आणि लिम्फोसाइट न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असतात. माजात इस्ट्रोजेनच्या प्रभावाने न्यूट्रोफिल गर्भाशयाकडे वळतात, तर प्रोजेस्टेरॉनच्या काळात गर्भाशयाची प्रतिकारक्षमता मंदावते. हे बदल मुख्यतः तेथील ऊतींत घडत असल्याने रक्तात ते ठळक दिसतीलच असे नाही. स्पंज काढताना येणारा दुर्गंधी स्राव बऱ्याचदा स्थानिक दाहाचा असतो. मात्र ताप असेल आणि लेपात अपक्व न्यूट्रोफिल वाढलेले दिसले, तर संसर्ग समजून पशुवैद्यकांना बोलवावे.

एक परिणाम मोजणीत दिसत नाही. ईसीजी हे घोडीपासून मिळणारे प्रथिन असल्याने, ते वारंवार दिल्यास शेळीच्या लिम्फोसाइटपासून बनणाऱ्या पेशी त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात. मग श्वेतपेशींची संख्या नेहमीसारखी असूनही माज उशिरा येतो आणि गाभण राहण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे प्रत्येक शेळीच्या बिल्ला क्रमांकासमोर ईसीजी आजवर किती वेळा दिले, हे लिहून ठेवावे.