हीट ट्रेसिंगमध्ये यायचंय? मग आधी रॉकवूल बघायला शिका

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, मग पाइप गरम कशाला करायचे?" घरचे विचारतात, इंटरव्ह्यूला आलेली नवी पोरंही विचारतात. तर ऐका. फिनॉल साधारण 41 अंशांखाली गोठतं, म्हणजे त्याच्या दृष्टीने मुंबईचा मे महिनाही हिवाळाच. 50 टक्क्यांची कॉस्टिक लाय, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं द्रावण, 12 अंशांच्या आसपास जमायला लागते. नाशिक-विदर्भातली जानेवारीची एक रात्र तिला पुरते. गंधकाचं आणखीच निराळं. 115 अंशांखाली दगड, आणि 160 च्या वर तापवलं तर पातळ व्हायचं सोडून एकदम चिकट. त्यामुळे ते मधल्या अरुंद पट्ट्यातच सांभाळावं लागतं. हे सांभाळणं म्हणजे आमचा हीट ट्रेसिंगचा धंदा: पाइपांवर हीटिंग केबल, टाकीत इमर्शन हीटर किंवा टाकीबाहेरून पॅड.

या कामात येणारे बहुतेक जण इलेक्ट्रिकलचे असतात, आयटीआय किंवा डिप्लोमा. त्यांचं सगळं लक्ष केबलवर. माझं मत उलटं आहे: पहिले काही महिने इन्सुलेशनवाल्यांच्या मागे फिरा. का, ते आकड्यांतच बघा. 4 इंची फिनॉल लाइन 60 अंशांवर ठेवायची आहे, बाहेर 10 अंश आहेत. वर 50 मिमी कोरडं रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर, हेच ते इन्सुलेशन) असेल तर मीटरमागे साधारण 20 वॅट उष्णता बाहेर जाते. तेच 25 मिमी असेल तर 35 वॅट. आणि क्लॅडिंगच्या, म्हणजे इन्सुलेशनवरच्या पत्र्याच्या, फटीतून पावसाचं पाणी आत जाऊन रॉकवूल भिजलं, तर कागदावरचा हिशेब विसरा. जून ते सप्टेंबरमधल्या "केबल गरम होत नाही" या तक्रारींत केबल बऱ्याचदा ठणठणीत असते. हा 20 वॅटचा हिशेब हाताने करता आला पाहिजे. सॉफ्टवेअर नंतर.

केबलचे प्रकार मॅन्युअलमध्ये सापडतील. सेल्फ-रेग्युलेटिंग केबलमध्ये दोन तांब्याच्या तारा असतात आणि मध्ये कार्बन मिसळलेलं पॉलिमर. तापमान वाढलं की पॉलिमर फुगतं, कार्बनच्या वाटा तुटतात, वॅट कमी होतात. थंड असताना मात्र ही केबल सुरुवातीला जास्त करंट ओढते. थंडीत पहाटे एमसीबी पडत असेल तर केबलवर संशय घेण्याआधी सर्किटची लांबी तपासा; लांबी जास्त तर हा करंटही जास्त.

इथे नवा वायरमन हमखास अडखळतो. सर्किट पूर्ण झालं पाहिजे हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून तो शेवटच्या टोकाला दोन्ही तारा जोडायला जातो. सेल्फ-रेग्युलेटिंगमध्ये तसं केलं की सरळ शॉर्ट. तिथे तारा वेगळ्या ठेवून एंड सील चढवायचं. करंट पॉलिमरमधून, पूर्ण लांबीभर, आडवा जातो.

आता मेगर, म्हणजे केबलचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते तपासायचं यंत्र. तो तीनदा लावायचा: केबलचा ड्रम साईटवर आल्यावर, केबल पाइपला बांधल्यावर, आणि क्लॅडिंग चढल्यावर. दोन्ही तारा एकत्र धरायच्या आणि त्या व ब्रेड (केबलवरची धातूची जाळी) यांच्यामधलं रीडिंग घ्यायचं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये पॉलिमर केबलसाठी 2500 व्होल्टची शिफारस असते. साईटवर हातात 500 चाच मेगर येतो, आणि बारीक जखम त्यावर कित्येकदा दिसत नाही. पहिली दोन रीडिंग उत्तम आणि तिसरं कोसळलेलं असेल, तर समजायचं की क्लॅडिंगचा सेल्फ-टॅपिंग स्क्रू केबलमध्ये घुसलाय. म्हणून केबल पाइपच्या खालच्या बाजूला घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी बांधतात, आणि क्लॅडिंगचा जोड, म्हणजे स्क्रू, त्या बाजूला येऊ द्यायचे नाहीत. हे क्लॅडिंगवाल्याला तोंडी सांगून भागत नाही, शेजारी उभं राहावं लागतं. तिन्ही रीडिंग तारखेसकट रजिस्टरमध्ये हवीत, नाहीतर पुढे भांडण केबलवाला, इन्सुलेशनवाला आणि तुम्ही, असं तिघांत.

एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे. गोठलेली लाइन मधूनच तापवायची नाही. मधला माल वितळून फुगतो, दोन्हीकडे घट्ट बुचं असतात, दाब जायला वाट नसते, पाइप किंवा गॅस्केट फाटतं. आत फिनॉल असेल तर ते त्वचेतून शरीरात भिनतं. मोकळ्या टोकाकडून सुरुवात करायची, आणि प्रॉडक्शनवाले कितीही घाई करोत, परमिटशिवाय हात लावायचा नाही.

कामाचा आवाका किती मोठा आहे ते राजस्थानात कळतं. बाडमेरच्या मंगला तेलक्षेत्रातलं क्रूड इतकं मेणचट आहे की ते 65 अंशांच्या वर ठेवून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत न्यावं लागतं. सुमारे 670 किमीची ही लाइन स्किन-इफेक्ट पद्धतीने (पाइपला जोडलेल्या बारीक लोखंडी नळीतून केबल नेऊन, नळीच्या आतल्या पृष्ठभागातून वाहणाऱ्या करंटने) तापवलेली आहे. युरोपात रेल्वेच्या सांध्यांवर रुळांना हीटर लावतात, बर्फाने पॉइंट अडकू नये म्हणून. तिथलं तत्त्व तेच, इन्सुलेशन मात्र नसतं, त्यामुळे वॅट भरमसाट.

नोकरीसाठी वायरमन परमिट किंवा सुपरवायझर सर्टिफिकेट काढून ठेवा. स्फोटक वायूच्या क्षेत्रातलं काम करायचं असेल तर झोन (तिथे स्फोटक वायू किती वेळा असू शकतो त्यानुसार पाडलेले भाग) आणि टी-क्लास पाठ हवेत: टी-3 म्हणजे पृष्ठभाग 200 अंशांच्या आत, टी-4 म्हणजे 135. अशा ठिकाणच्या उपकरणांच्या मंजुरीसाठी ज्या पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) नाव सतत कानावर पडेल, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. आणि पहिल्याच नोकरीत डिझाइनची एसीतली खुर्ची मिळाली, तर एका शटडाउनला, म्हणजे देखभालीसाठी प्लांट बंद असताना, साईटवर पाठवा म्हणून स्वतःहून मागे लागा. व्हॉल्व्ह, फ्लँज आणि सपोर्टला किती केबल जादा लागते, हे ड्रॉइंगवर कधीच पूर्ण दिसत नाही.