सरकारी संगणक कक्षाचा पर्यवेक्षक: पात्रता कशी जुळवावी, काम कसं करावं

जून महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही तहसील कार्यालयात सकाळी दहाला जाऊन उभं राहा. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, यांसाठी पोरं आईबापांना घेऊन आलेली असतात. जत तालुक्याच्या पूर्व भागातला एखादा शेतकरी पहाटेची एसटी धरून आलेला असतो. अशा वेळी खिडकीतून ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असं ऐकू आलं, की त्या माणसाचा दिवसाचा रोजगार आणि जाण्यायेण्याचं भाडं गेलं. संगणक कक्षाच्या पर्यवेक्षकाचं काम काय असतं, असं कोणी विचारलं की मी ही खिडकी दाखवतो. ते वाक्य तिथून शक्यतो येऊ द्यायचं नाही. यंत्रं, केबल, पासवर्ड, खरेदी हे सगळं त्यासाठीच.

आधी पद कोणाचं आहे ते ओळखा

एकाच प्रकारच्या कामाला सरकारात अनेक नावं आहेत, आणि नवखा उमेदवार इथंच गोंधळतो. जिल्हाधिकारी कार्यालयात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा, म्हणजे एनआयसीचा, कक्ष असतो. त्याचे प्रमुख जिल्हा सूचना विज्ञान अधिकारी. ही केंद्र सरकारची नोकरी, भरती देशपातळीवर, बदलीही कुठंही. दुसरा रस्ता नगरपरिषदांचा. महाराष्ट्र नगरपरिषद राज्यसेवेत संगणक अभियंत्याचं गट-क पद आहे. २०२३ मध्ये या सेवेच्या १७८२ पदांची जाहिरात निघाली, त्यात हेही पद होतं. विटा, तासगाव, आष्टा, कराड, फलटण, वाई अशा नगरपालिकांमध्ये काम करण्याची इच्छा असेल तर लक्ष या भरतीवर ठेवा. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेसारख्या संस्था आपापली भरती आपापल्या नियमांनी करतात.

तिसरा रस्ता कंत्राटी पदांचा: जिल्हा प्रकल्प व्यवस्थापक, हार्डवेअर-नेटवर्क इंजिनिअर, तालुक्याचे समन्वयक. ही पदं महाआयटीमार्फत, म्हणजे राज्य सरकारच्या माहिती तंत्रज्ञान कंपनीमार्फत, किंवा बाहेरच्या एजन्सीमार्फत भरली जातात. काम तेच, कधीकधी जास्तच, पण सेवाशर्ती वेगळ्या. मानधन कोण देणार, करार किती महिन्यांचा, रजा किती, हे रुजू होण्याआधी कागदावर बघून घ्या. कंत्राटी काम कमी दर्जाचं असतं असं मी अजिबात म्हणत नाही. आमच्या भागातली कित्येक कार्यालयं या मुलामुलींच्या जोरावर चालतात. पण ‘पुढे कायम करतील’ या आशेवर वयाची मर्यादा उलटू देऊ नका. नोकरी करत करत कायम पदाचे अर्ज भरत राहा.

पात्रता: जाहिरातीतला शब्द न् शब्द वाचा

पर्यवेक्षक दर्जाच्या पदाला साधारणपणे संगणक किंवा माहिती तंत्रज्ञान शाखेची बीई अथवा बीटेक पदवी, किंवा एमसीए मागतात. खालच्या तांत्रिक पदांना बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र किंवा पदविका चालते. जाहिरातीत ‘समतुल्य अर्हता’ लिहिलं असेल, तर आपली पदवी त्यात बसते का हे अर्ज भरण्याआधी विद्यापीठाकडून लेखी घ्या. पदवी इलेक्ट्रॉनिक्सची आणि पद संगणकाचं, अशी मुलं कागदपत्र पडताळणीत बाद झालेली मी बघितली आहेत. परीक्षेत गुण भरपूर असूनही.

शिक्षणासाठी लांब जायची गरज नाही. सांगलीत १९४७ पासूनचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कराडला १९६० पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, मिरजेत शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर पदविका आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला पदवी, हा मार्ग कमी खर्चाचा आहे आणि त्या मुलांचा हात यंत्रावर लवकर बसतो, असा माझा अनुभव.

राज्य सेवेत संगणक ज्ञानाचं प्रमाणपत्रही मागतात: एमएस-सीआयटी, किंवा डोएकचं (केंद्र सरकारची संगणक शिक्षण संस्था, आताचं नाव नायलिट) सीसीसी वा ओ, ए, बी, सी स्तरांपैकी एक. वयोमर्यादा २०१६ च्या निर्णयानुसार खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. शिवाय अधिवास, जात वैधता, नॉन-क्रीमिलेअर आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन. हे कागद जाहिरात निघाल्यावर गोळा करायला बसलात तर तुम्हीही त्याच जूनच्या रांगेत सापडाल. आत्ताच काढून ठेवा.

परीक्षेबद्दल थोडक्यात. गट-क च्या भरतीत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन आणि तांत्रिक विषय येतात, आणि गुणवत्ता यादीत यायला किमान ४५ टक्के गुण लागतात. अभियंते तांत्रिक भागावर विसंबतात आणि मराठी व्याकरणात गुण घालवतात. मराठीचा अभ्यास परीक्षेपुरता करू नका, पुढं रोज टिप्पणी, म्हणजे मंजुरीसाठीचं कार्यालयीन टिपण, लिहायची आहे.

रुजू झाल्यावर पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवशी कुठलंही यंत्र उघडू नका. जडवस्तू नोंदवही मागवा, जिला सगळे डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात, आणि ती हातात घेऊन खोल्याखोल्यांतून फिरा. वहीत असलेला प्रिंटर जागेवर आहे का? जागेवरचा स्कॅनर वहीत आहे का? जुने बंद पडलेले मॉनिटर कपाटावर धूळ खात असतील, तर त्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे वहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव याद्यांसकट तयार करा. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तेव्हा तो माल नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यालाच द्यायचा, भंगारवाल्याला नाही. देण्याआधी हार्ड डिस्क काढून पुसून घ्या. त्यात लोकांचे आधार क्रमांक असतात.

मग एका कागदावर इमारतीचा नकाशा काढा. इंटरनेटची लाईन कुठून येते, नेटवर्कची यंत्रं ठेवलेला रॅक कुठं आहे, केबल वाटून देणाऱ्या कुठल्या स्विचमधून कुठल्या टेबलाला केबल गेली आहे, यूपीएस कोणाला आधार देतो. हा कागद बहुतेक कार्यालयांत नसतो. असतो तो कुणातरी एका जुन्या माणसाच्या डोक्यात.

‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय, हे शोधायची सवय

बिघाड चार ठिकाणी असू शकतो: समोरचं यंत्र, इमारतीतलं नेटवर्क, बाहेरून येणारी लाईन, आणि दूर असलेला मूळ सर्व्हर. क्रमाने बघा. शेजारच्या यंत्रावर तेच पान उघडा. उघडलं तर दोष पहिल्या यंत्राचा. कुठंच उघडत नसेल तर दुसरं एखादं संकेतस्थळ उघडून बघा. तेही नाही? मग लाईन किंवा स्विच. दुसरं उघडतंय आणि आपलंच पान अडलंय, तर शेजारच्या तालुक्यातल्या सहकाऱ्याला फोन करा. ‘काय हो, पलूसला चालू आहे का?’ एवढ्या एका प्रश्नात अर्धा तास वाचतो. तिथंही बंद असेल तर तक्रार वरच्या मदतकक्षाकडं, तक्रार क्रमांकासह.

प्रत्येक वेळी वहीत चार गोष्टी लिहा: कधी बंद पडलं, कारण काय, कोणाला कळवलं, कधी सुरू झालं. तीन महिन्यांची ही नोंद हातात असली की लाईन देणाऱ्या कंपनीशी किंवा वार्षिक देखभाल कराराच्या ठेकेदाराशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही. बिलातून कपात करायची तर आधार याच वहीचा.

आणि खिडकीवरच्या माणसाचं काय? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार दाखल्याला मुदत ठरलेली आहे, उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. विलंब झाला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणून सर्व्हर बंद असला तरी कागदावर अर्ज घ्या, कागदपत्रं तपासा, तारखेची पोच द्या आणि लाईन आली की नोंद करा. माणूस परत पाठवू नका. यासाठी ऑपरेटरला अधिकाऱ्यांची लेखी सूचना लागते. ती टिप्पणी लिहून मंजूर करून घेणं तुमचं काम.

डोंगलचा प्रश्न

हे लिहिणं जरा अवघड आहे, पण लिहितो. दाखल्यावर अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी लागते आणि ती यंत्राला लावायच्या पेनड्राईव्हसारख्या एका छोट्या डोंगलमध्ये असते. कामाच्या रेट्यात ते डोंगल आणि त्याचा पिन ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये येऊन पडतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार स्वतःच्या स्वाक्षरीच्या चावीवर ताबा ठेवणं ही ती धारण करणाऱ्याची जबाबदारी आहे. एखादा खोटा दाखला बाहेर गेला तर अधिकारी अडकतात, आणि बारा-पंधरा हजारांवर राबणारं एखादं पोरगं आधी अडकतं.

मी हे असं सोडवलं. अधिकाऱ्यांना एकटं गाठून म्हणालो, ‘साहेब, डोंगल आपल्याकडंच राहू द्या. मी दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला तपासलेली यादी लावून ठेवतो, आपण दोन वेळा बसून सह्या करा.’ दोन वेळा ठरल्या, सगळ्यांना कळल्या, रांगही निवळली. चारचौघांत बोललो असतो तर हे झालं नसतं. डोंगलची मुदत कधी संपते तेही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि महिनाभर आधी नूतनीकरणाला टाका.

हॅकिंग किंवा विदा चोरीचा संशय आला तर लपवू नका. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रावर आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. हे सरकारी कार्यालयांनाही लागू आहे.

कृष्णाकाठी बॅकअप

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथं ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका समजतात. मी ज्या कार्यालयात होतो तिथं सर्व्हर तळमजल्यावर होता. बॅकअप आम्ही रोज घेत होतो, नेमानं घेत होतो. पण ती डिस्क त्याच खोलीतल्या कपाटात, खालच्या खणात ठेवलेली. पाणी ओसरल्यावर गाळातून दोन्ही एकदमच बाहेर काढली. त्यातल्या काही नोंदी आम्ही पुढं कागदांवरून, हातानं, कित्येक आठवडे बसून परत भरल्या.

तेव्हापासून माझा नियम असा. तीन प्रती. दोन वेगळ्या माध्यमांवर. त्यातली एक काठापासून लांब, विट्याला किंवा कवठे महांकाळला, दुसऱ्या सरकारी कार्यालयाच्या कपाटात, पोच घेऊन. सर्व्हर आणि रॅक वरच्या मजल्यावर. यूपीएसच्या बॅटऱ्या जमिनीवर ठेवायची सगळीकडं पद्धत आहे. त्यांना किमान टेबलाइतकी उंच लोखंडी मांडणी करून घ्या. पुलाजवळचं पाणी ३५ फुटांवर गेलं की तळमजल्यावरची यंत्रं उचलायला सुरुवात करा, इशाऱ्याची वाट बघू नका. कोण काय उचलणार याची यादी जूनमध्येच लावा. भिजलेलं यंत्र ‘चालतंय का बघू’ म्हणून चालू करू नका. ओलं असताना वीज दिली की मदरबोर्ड गेला. आणि दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून एखादी फाईल खरंच परत उघडून बघा.

हाताखालची माणसं आणि कार्यभार

ऑपरेटरांच्या पगाराची बिलं वेळेवर वर गेली का, याचा पाठपुरावा करणं कुठल्याही कर्तव्यसूचीत लिहिलेलं नसेल, तरी करा. दोन महिने मानधन न मिळालेल्या मुलीकडून बिनचूक नोंदीची अपेक्षा धरता येत नाही. प्रत्येक काम किमान दोघांना शिकवा. प्रत्येकाचा लॉगिन वेगळा ठेवा, आणि कोणी नोकरी सोडली की त्याच दिवशी तो बंद करा.

बदली होणारच आहे. कार्यभार देताना डेडस्टॉकची मोजलेली यादी, इमारतीचा नकाशा, चालू करार व त्यांच्या मुदती, प्रलंबित तक्रारींचे क्रमांक आणि बाहेरगावी ठेवलेल्या बॅकअपची पोच, एवढं सही-शिक्क्यानिशी द्या. सर्व्हर आणि राउटरचे पासवर्ड बंद लिफाफ्यात कार्यालयप्रमुखांकडं द्या आणि नव्या माणसाला समोर बसवून ते बदलायला लावा. तो पहिल्यांदा लॉगिन करेपर्यंत तिथून उठू नका.