कमरेला पिस्तूल आहे, पण काढायला वेळ आहे का?

परवाना आहे, पिस्तूल कमरेला आहे, म्हणजे आपण निर्धास्त, हा समज हातघाईच्या अंतरावर टिकत नाही. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी 1983 मध्ये मांडलेला हिशेब साधा आहे: चाकू घेऊन धावून येणारा धडधाकट माणूस 21 फूट, म्हणजे जेमतेम साडेसहा मीटर, साधारण दीड सेकंदात कापतो. होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या पिस्तुलाच्या म्यानातून, पिस्तूल काढून नेम धरायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो, तोही सराव असलेल्याला. वरून जॅकेटची चेन लावलेली असेल तर विसराच. (21 फूट ही गोळी झाडायला कायद्याने आखलेली रेषा नव्हे, ती आहे असं छातीठोकपणे सांगणारे मात्र पुष्कळ भेटतात.)

म्हणून चाकूवाला अंगावर आला तर आधी पाय हलवा, मग हात. सरळ मागे जाऊ नका; तो पुढे धावतोय, तुम्ही उलटे, त्यात टाच अडकली की संपलंच. तिरकं बाजूला व्हा आणि मध्ये गाडी, टेबल, खांब, काहीही आणा. पळायला वाट असेल तर पळा, त्यात कमीपणा कसला!

पटत नसेल तर करून बघा. जुना पांढरा शर्ट घाला, कमरेला प्लास्टिकचं खेळण्यातलं पिस्तूल खोचा, मित्राच्या हातात लाल मार्कर द्या आणि तुम्हाला न सांगता अचानक त्याला धावून यायला लावा. मग बाह्यांवरचे फराटे मोजा.