जुन्या गाडीची सुटलेली पट्टी आणि क्लॅडिंग पुन्हा पक्कं बसवताना

दारावरची पट्टी एका टोकाला उचलली की पहिला हात फेव्हिक्विककडे जातो. तो आवरा. उन्हात प्लॅस्टिक पत्र्यापेक्षा जास्त फुगतं आणि कडक झालेला गोंद ही ओढाताण सोसत नाही. तो तडकतो, कडेला पांढुरकं सायीसारखं काहीतरी उमटतं आणि पुढच्या वेळी पट्टीबरोबर रंगाचा पापुद्राही निघतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही नको. त्यातल्या आम्लाने उघडा पत्रा गंजतो.

आधी पट्टी कशाच्या आधारावर आहे ते पाहा. अंगठ्याने दाबल्यावर 'टक' आवाज करून बसली आणि सोडताच सुटली, तर क्लिप गेलेली आहे. दाबून बसते पण हळूहळू उचलते, तर डबल टेप मेलेली आहे. दाराच्या मधल्या पट्टीला बहुतेकदा टेप असते, तर चाकावरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या आवरणाला, म्हणजे क्लॅडिंगला, क्लिपा आणि कडेला स्क्रू. काही पट्ट्यांना टेपही असते आणि टोकाला एक पिनही, म्हणून जोर लावून ओढू नका.

टेपची पट्टी अर्धीच सुटली असली तरी पूर्ण काढा. उचललेल्या टोकाखाली धूळ आत सरकलेली असते, तिच्यावर नवी टेप धरत नाही. काढण्याआधी वरच्या कडेला लागून मास्किंग टेप लावून जागेची खूण करा. हेअर ड्रायरने हात लावता येईल इतपतच तापवा आणि मासेमारीची तंगूस मागे घालून करवतीसारखी पुढे-मागे ओढा. स्क्रूड्रायव्हर घातलात तर रंगावर ओरखडा ठरलेला.

पत्र्यावर उरलेला फोम अंगठ्याने चोळून गोळा करा. चिकटा रॉकेलने मऊ करून पुसा आणि मग साबणाच्या पाण्याने धुवा. थिनर टाळा: जुन्या गाडीचं दार कधीतरी परत रंगवलेलं असू शकतं आणि तसला रंग थिनरने सुटू शकतो. (शंका असेल तर कापडात गुंडाळलेलं चुंबक दारावर फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे खाली जाड लांबी (पुट्टी) भरलेली आहे. टेपबरोबर रंगच निघत असेल तर आधी डेंटिंग-पेंटिंगवाला, मग पट्टी.) शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन दोन्ही बाजू पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपा. वॅक्स आणि पॉलिशचा थर हेच टेप सुटण्याचं नेहमीचं कारण.

पट्टी वाकलेली असेल तर गरम पाण्यात मऊ करून आधी सरळ करा. वाकडी पट्टी स्प्रिंगसारखी सतत ओढत राहते आणि कितीही चांगली टेप त्यापुढे हार मानते.

टेप अॅक्रिलिक फोमचीच घ्या, जाडी साधारण 0.8 ते 1.1 मिमी, रुंदी पट्टीच्या कडेपासून 2 मिमी आत राहील एवढी. स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी फोम टेप पावसाळाही काढत नाही. पट्टीच्या मागे इंग्रजीत 'पीपी' कोरलेलं असेल, तर ते पॉलिप्रॉपिलिन. त्याला टेप सहज धरत नाही. टेपची पकड वाढवणारा अॅडहिजन प्रायमर पातळ फिरवून पूर्ण वाळू द्या. तो रंगावर सांडला तर डाग पडतो.

टेपच्या कागदाचं टोक 2-3 सेमी बाहेर दुमडून ठेवा, पट्टी खुणेला लावा, मग कागद ओढत एका टोकाकडून दाबत जा. दाब महत्त्वाचा: प्रत्येक वीतभर भागावर पूर्ण जोराने 10-15 सेकंद. पत्रा 20 ते 38 अंशांच्या दरम्यान असावा. थंडीतल्या सकाळी आधी ड्रायर फिरवा आणि भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर काम करू नका. साधारण वातावरणात 20 मिनिटांत निम्मी पकड येते, 24 तासांत 90 टक्क्यांच्या आसपास आणि पूर्ण पकड यायला 72 तास लागतात. तोवर धुणं नाही, प्रेशर वॉशर तर नाहीच.

क्लिपांचं काम सोपं, पण खरेदीत चुकतं. भोकाचा व्यास ड्रिल बिट घालून मोजा: जो बिट न हलता बसतो तोच माप. क्लिपा दोन-तीन जास्तच घ्या, काढताना जुन्यांपैकी काही तुटणारच. क्लॅडिंगमागे चिखल साठलेला असतो, कोकणातल्या गाड्यांत तर भरपूर. तो धुवा आणि दाराखालची पाण्याची भोकं केबल टायच्या टोकाने मोकळी करा. तार घातली तर रंग खरवडतो. भोकाच्या कडेला गंज दिसला तर सुटा गंज घासून काढा, उरलेल्यावर रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं द्रावण), मग प्रायमर आणि टचअप रंग लावा आणि दिवसभर वाळू द्या. भोक मोठं झालं असेल तर एक माप मोठी क्लिप वापरा. एम-सील भरून क्लिप ठोकलीत तर पुढच्या वेळी काढताना भोकच फाटतं.

क्लॅडिंगच्या मागचा क्लिप धरणारा खांबच तुटला असेल तर पॉलिप्रॉपिलिनवर अॅरल्डाइटही टिकत नाही. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने बारीक स्टीलची जाळी आत वितळवून बसवतात, तोच उपाय.

तीन दिवसांनी एक जाड व्हिजिटिंग कार्ड पट्टीच्या कडेवरून फिरवा. टेपच्या रेषेच्याही पुढे ते आत सरकलं, तर तिथे दाब कमी पडला. ती जागा ड्रायरने कोमट करून पुन्हा दाबा.