बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघडून बघा

जुनी १०० सीसीची गाडी वर्धा रोडवर दहा-बारा किलोमीटर मस्त धावते, मग गचके देत बंद पडते. पाच-दहा मिनिटं सावलीत उभी केली की पुन्हा चालू! नागपूरच्या मे महिन्यात आपण ‘इंजिन तापलं’ म्हणून मोकळे होतो. माझा तर कार्बोरेटर दोनदा उघडून झाला, उगाच.

१. बंद पडल्याबरोबर पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. ‘सूंऽऽ’ करून हवा आत गेली आणि लगेच दोन किकमध्ये गाडी सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलेलं आहे. आत हवाच जात नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही.

२. घरी झाकण काढा, टाकीच्या तोंडावर कापड घाला. धूळ आणि वॉशिंगचा चिखल याच छिद्रात जाऊन बसतो. बारीक तारेने मोकळं करा, मग पंक्चरवाल्याकडून हवा मारून घ्या. रबरी वायसर मात्र फाटू देऊ नका, पावसात पाणी शिरेल.

आवाज आलाच नाही तर दोष दुसरीकडे; प्लग, कॉइल बघा.

रस्त्यात झाकण उघडताना जवळ कोणाची बिडी-सिगारेट पेटलेली नको, आणि तापलेल्या इंजिनवर पेट्रोल सांडू देऊ नका.