सर्व्हरची चर्चा खुली ठेवताना या चुका टाळा

नागपुरात धरमपेठेतल्या वाचनालयाची पुस्तकयादी असो की सीताबर्डीतल्या मंडळाची रक्तदात्यांची नोंद, सर्व्हर स्वयंसेवक सांभाळत असतील तर कामाची चर्चा सगळ्यांसमोरच व्हायला हवी. नाहीतर नवा माणूस शिकणार कुठून? सॉफ्टवेअर कोणतं, बॅकअप कधी होतो, अपडेटचा क्रम काय, हे सांगितल्याने काही बिघडत नाही. किल्ली सोडून बाकी सगळं शत्रूच्या हाती पडलं तरी व्यवस्था टिकली पाहिजे, हे संकेतलिपीचे अभ्यासक ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडलं होतं. चुका होतात त्या किल्ल्या (म्हणजे पासवर्ड, टोकन वगैरे) आणि लोकांची माहिती सांभाळताना.

लॉग जसाच्या तसा चिकटवणं

लॉग म्हणजे सर्व्हर आपोआप ठेवतो ती नोंद. ती चर्चेत तशीच टाकणं ही गळतीची सर्वांत सोपी वाट. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये वापरणाऱ्यांचे आयपी पत्ते असतातच, शिवाय पासवर्ड बदलायची लिंक टोकनसकट (लिंकमधल्या गुप्त संकेतासकट) उतरलेली असू शकते. पण सगळं खोडून टाकलं तर अडचण शोधणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून पत्ते खोडू नका, बदला: १९२.०.२.१, १९२.०.२.२ असे लिहा. हा पट्टा उदाहरणांसाठीच राखलेला आहे. एका खऱ्या पत्त्याला शेवटपर्यंत एकच खोटा पत्ता द्या, म्हणजे दोन विनंत्या एकाच ठिकाणाहून आल्या होत्या का, ते दिसतं. टोकन मात्र पूर्ण काढा. स्क्रीनशॉट शक्यतो नकोच. मोबाइलच्या अर्धपारदर्शक मार्करखालचा मजकूर उजळपणा वाढवला की वाचता येतो.

गिटमधली पासवर्डची फाईल काढून विषय संपवणं

तो संपत नाही. गिट फाइलींचा प्रत्येक बदल जपून ठेवतं. जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी नोंदलेल्या बदलात, पासवर्ड तसाच राहतो आणि ज्यांनी क्लोन केलं, म्हणजे सगळ्याची प्रत उतरवून घेतली, त्यांच्याकडेही. आधी तो पासवर्ड रद्द करा, नवा बनवा, मग गळती झाल्यापासूनचे लॉग तपासा. इतिहासाची सफाई सगळ्यात शेवटी. व्हॉट्सॲपवर पासवर्ड पाठवून मग संदेश पुसला तरी हेच करायचं. आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याच्यावर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो लपवेल.

किल्ल्यांचा घोळ

सर्व्हरवर शिरण्यासाठी ईडी२५५१९ प्रकारची एसएसएच किल्ली बनवली की दोन फाइली तयार होतात: एक खासगी, एक सार्वजनिक. पाठवायची ती सार्वजनिक, नावाच्या शेवटी ‘.pub’ असलेली. खात्री नसेल तर उघडून बघा: वर ‘प्रायव्हेट की’ दिसलं तर थांबा.

सर्वाधिकार असलेलं एकच रूट खातं सगळ्यांत वाटू नका; कोणी काय केलं ते कळत नाही. प्रत्येकाला वेगळं खातं आणि सुडो (गरजेपुरते रूटचे अधिकार वापरायची सोय) द्या. शेवटचं सेमिस्टर संपलं की पोरं नोकरीसाठी पुण्याला, बेंगळुरूला जातात आणि त्यांच्या किल्ल्या सर्व्हरवर पडून राहतात. माणूस गेला त्याच दिवशी किल्लीची ओळ काढा, चालू सेशन बंद करा, क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) त्याची कामं तपासा. डोमेनचं खातं त्याच्या वैयक्तिक ईमेलवर आहे का, तेही पाहा.

सगळंच झाकून ठेवणं

बॅकअप परत कसा आणायचा हे एकालाच ठाऊक असेल, तर तो मे महिन्यात गावी गेल्यावर सर्व्हर पडला की पडलाच. कृती लिहून सगळ्यांना द्या.

फक्त न बुजवलेली सुरक्षा त्रुटी काही काळ झाकायची. फाइली आटोपशीर करणाऱ्या एक्सझेड या साधनात चोरून घातलेला मागचा दरवाजा (बॅकडोअर) सापडल्यावर प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांनी आधी डेबियन या लिनक्स वितरणाच्या सुरक्षा पथकाला कळवलं, मग २९ मार्च २०२४ रोजी जाहीर केलं. लिनक्स वितरणांच्या बंद गटातही गुप्ततेची कमाल मुदत १४ दिवसांचीच आहे. तुम्हीही दोन-तीन जणांत बोलणं सुरू करा, पण पहिल्याच संदेशात उघड करण्याची तारीख लिहा. पॅच (दुरुस्ती) लवकर लागला तर ती अलीकडे आणा.