दमट हवेत घट्ट बसणारे चॉकलेट फज

फज करण्याच्या जुन्या पद्धतीत साखर, दूध आणि लोणी यांचे मिश्रण सुमारे 115 अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे गोळीबंद पाकापर्यंत आटवून मग घोटावे लागते. कोकण किनाऱ्यावर, विशेषतः पावसाळ्यात, साखर हवेतला ओलावा शोषून घेते आणि पाक नीट साधूनही वड्या चिकट होतात. कंडेन्स्ड मिल्क वापरून केलेल्या फजला पाक लागतच नाही. चॉकलेटमधील कोकोआ बटर थंड होऊन गोठते आणि तेच वडीला घट्टपणा देते. म्हणून इकडच्या घरांत प्रथम हीच कृती करून पाहावी.

यासाठी 400 ग्रॅम डार्क चॉकलेट, 400 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, 30 ग्रॅम बिनमिठाचे बटर, 100 ग्रॅम काजू आणि चिमूटभर मीठ घ्यावे. वेगळी साखर घालू नये. मिल्क चॉकलेटने वडी मऊ राहते आणि फार गोडही होते. वेंगुर्ल्याकडचे काजू मिळाले तर फारच उत्तम, मात्र ते सुके हवेत. चैत्रात मिळणारे ओले काजूगर उसळीलाच शोभतात, त्यांतील पाण्याने फज बिघडते.

काजूचे तुकडे मंद आचेवर खमंग भाजून पूर्ण गार होऊ द्यावेत. 20 सेंटिमीटरच्या चौकोनी डब्याला तुपाचा हात लावून आत बटर पेपर घालावा.

आता मुख्य काम. एका पातेल्यात दोन बोटे पाणी उकळून आच मंद करावी आणि त्यावर दुसरे, आतून पूर्ण कोरडे पातेले अशा बेताने ठेवावे की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. त्यात चिरलेले चॉकलेट, कंडेन्स्ड मिल्क, बटर आणि मीठ घालून सतत ढवळावे. वितळत्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब जरी पडले, तरी ते रवाळ होऊन आकसते. म्हणून चमचा, सुरी आणि हातसुद्धा कोरडे असावेत. मिश्रण एकजीव होऊन चकाकू लागले, की लगेच खाली उतरवावे, कारण जास्त तापल्यास तूप सुटते. तसे झालेच, तर चमचाभर कोमट दूध घालून हळूहळू घोटावे, म्हणजे मिश्रण बहुधा पुन्हा जुळून येते.

काजू मिसळून मिश्रण डब्यात ओतावे आणि वरून सारखे थापावे. खोलीच्या तापमानाला आले, की झाकून तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवावे. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, मग वड्या कापाव्यात. साधारण 36 वड्या होतात.

वड्या हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्यास दोन आठवडे टिकतात. डबा बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे झाकण उघडू नये, अन्यथा दमट हवेतले पाणी थंड वड्यांवर जमून त्या ओलसर होतात.